गादीत मुरलेला श्रावण

गणपतीला पंधरा दिवस उरले की कोकणातल्या घरांत माळ्यावरच्या गाद्या खाली उतरतात. चाकरमानी यायचे असतात, त्यांची झोपायची सोय करायची असते. गादी शिडीवरून अर्धी उतरते तेव्हाच वास सगळ्यांना येतो, पण तो आल्याचं कुणी कबूल करत नाही. घरातलं ज्येष्ठ माणूस फक्त म्हणतं, ‘जरा ऊन दाखवलं की जाईल.’ आता ऊन दाखवायचं तर आधी ते आपल्याजवळ असावं लागतं. श्रावण-भाद्रपदात रत्नागिरी-सिंधुदुर्गात ते कुणाकडेच नसतं.

या कुबट वासात जिओस्मिन नावाचं एक रसायन असू शकतं. मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जिवाणू ते तयार करतात, काही बुरश्याही करतात. पहिल्या पावसाच्या मृद्गंधातही हेच असतं. म्हणजे जूनमध्ये अंगणातून आलं तर कविता आणि ऑगस्टमध्ये उशीतून आलं तर भांडण. सोबतीला ऑक्टेनॉल असतं, अळंब्यांना वास देणारं. माणसाचं नाक जिओस्मिनच्या बाबतीत कमालीचं तिखट आहे. त्यामुळे ‘तुलाच येतो वास, मला नाही येत’ हे वाक्य घरातल्या शांततेसाठी ठीक, शास्त्राला धरून नाही.

वास हा पाण्याचा पुरावा असतो, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा खर्च वाचतो. कापूस म्हणजे सेल्युलोज, बुरशीचं आवडतं खाणं. ते बारा महिने वाढून ठेवलेलंच असतं, वाट असते ती फक्त ओलीची. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असली तर कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो. म्हणजे दहा किलोच्या गादीत सरळ सरळ ८०० ग्रॅमच्या वर पाणी, तेही हाताला कोरडी लागत असताना. जुलैत आर्द्रता नव्वदीला टेकते आणि हाच आकडा दीडपटीच्या पुढे जातो. सोलापूरच्या नातेवाइकांना हे पटत नाही. त्यांच्याकडे गादी बारा महिने गादीच असते.

त्यात आपण भर घालतो. नव्या गादीवरचं कंपनीचं प्लास्टिक काढायचं नाही, हा महाराष्ट्राचा अलिखित कायदा आहे. टीव्हीच्या रिमोटलाही तो लागू आहे, पण रिमोटवर कुणी आठ तास घाम गाळत झोपत नाही. तो घाम गादीत उतरतो, खाली प्लास्टिक लागलं की तिथेच थांबतो. बॉक्सच्या पलंगाचं तेच. वर गादी, खाली अखंड प्लाय, त्याखाली गच्च बंद पेटी, पेटीत लग्नातली भांडी. हवेला जायला वाटच नाही, म्हणून काळे ठिपके नेहमी गादीच्या खालच्या बाजूला पडतात आणि दोन वर्षांनी सापडतात. सुताराला सांगून प्लायला वीत-वीत अंतरावर २५ मिलिमीटरची भोकं पाडून घ्यावीत, पेटीच्या दोन बाजूंनाही चार-चार. तासाभराचं काम आहे. सुतार म्हणेल, ‘साहेब, पलंग खराब दिसेल.’ पलंगाच्या आतली बाजू बघायला कोण येणार आहे, असं त्याला विचारावं.

आता घरगुती उपायांकडे. कापराने गादीला देवळाचा वास येतो, आत बुरशी तशीच. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, घरात ठेवतो तेवढ्यांनी बुरशीचं काही बिघडत नाही. उलट तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत तर त्या चुकूनही ठेवू नयेत. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळलेला. झाडावरून तोडून तसाच घातला, तर बुरशीला गादीबरोबर तोंडी लावायला पाला मिळतो. वाटीत तांदूळ ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण पावसाळ्यातल्या खोलीपुढे एक वाटी तांदूळ म्हणजे फक्त उद्याचा भात.

खायच्या सोड्याची कीर्ती मात्र जरा तपासून घ्यायला हवी. तो घाम, लहान मुलांची शू अशा वासांवर चांगला चालतो. बुरशीवर त्याची मात्रा फारशी लागू पडत नाही. डबलबेडच्या गादीला पाव किलो सोडा चहाच्या गाळणीतून भुरभुरवावा, सात-आठ तास ठेवावा आणि व्हॅक्युमने ओढून घ्यावा. घरात व्हॅक्युम नसेल तर या वाटेला जाऊ नये. दमट हवेत सोड्याचे खडे शिवणीत बसतात आणि मग गादीवर झोपलं की रेतीवर झोपल्यासारखं टोचतं. ताजी शू असेल तर आधी कोरड्या टॉवेलने दाबून दाबून टिपावी. घासली की ती फोममध्ये खोल जाते. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, हलका फवारा, पूर्ण वाळू द्यायचं आणि त्यानंतर सोडा. व्हिनेगर आणि सोडा एकदम टाकायचा मोह अनेकांना होतो. फसफस छान होते, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि उरतं ते खारट पाणी. ब्लीचचं नाव गादीच्या बाबतीत काढूच नये. मऊ वस्तूत ते वरवरचा डाग उडवतं, पाणी आत सोडतं आणि बुरशी पुन्हा उगवते. व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, मग गादीचा वास हा किरकोळ प्रश्न उरतो.

खरं काम उघडीप मिळेल त्या दिवशी, सकाळी दहाला सुरू करावं. गादी जुन्या चादरीत गुंडाळून गच्चीवर न्यावी, नाहीतर जिन्यापासून देवघरापर्यंत बीजाणूंची रांगोळी पडते. एन-९५ मास्क लावावा. काठीने झोडपणं हा आपला राष्ट्रीय खेळ असला तरी बुरशी लागलेल्या गादीवर तो खेळू नये. झोडपलेलं सगळं आपल्याच छातीत जातं. मऊ ब्रशने वाऱ्याच्या दिशेला झाडावं, किंवा अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्युम असेल तर तो लावावा. साधा व्हॅक्युम पुढून ओढतो आणि मागून खोलीभर फुंकतो. मग ७० टक्के अल्कोहोलचं स्पिरिट फडक्यावर घेऊन ठिपके पुसायचे, फडकं पिळलेलं असावं, थबथबलेलं नाही. शंभर टक्क्यांजवळचं जास्त जालीम असेल हा गैरसमज आहे. ते काम करण्याआधीच उडून जातं, थोडं पाणी असलं की मुरायला वेळ मिळतो. हे चालू असताना उदबत्ती, कछवाछाप आणि काकांची विडी, तिन्ही लांब.

त्यानंतर ऊन. गादी स्लॅबवर पसरू नये, खाटेवर किंवा दोन बाकांवर ठेवावी, म्हणजे खालूनही हवा खेळते. दर दीड-दोन तासांनी पलटावी. कापसाला दिवसभराचं ऊन चालतं; फोम आणि लेटेक्सला मात्र कडक ऊन सोसत नाही, ते पिवळं पडून भुगा व्हायला लागतं, त्यांना वरून सुती चादर घालावी. आणि तीनच्या सुमारास गादी आत आणावी. संध्याकाळी हवा पुन्हा ओली होते आणि दिवसभर सोडलेलं पाणी कापूस परत मागून घेतो. गरम गादीवर लगेच चादर अंथरू नये, अर्धा तास पंख्याखाली निवू द्यावी.

ऊन नसेलच तर? नुसता पंखा लावून गादी फार तर खोलीतल्या हवेइतकी कोरडी होते, आणि हवा नव्वदीवर बसलेली. उलट वारा खेळावा म्हणून खिडक्या उघडल्या की बाहेरचा समुद्र आत येतो. खोली बंद करून एसी ड्राय मोडवर ठेवावा किंवा डीह्युमिडिफायर लावावा, गादी उभी करावी, टेबलफॅन दोन्ही बाजूंना आळीपाळीने. आर्द्रतामापक तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो साठच्या खाली आला की आपली बाजू वर. त्याच खोलीत धुणं वाळत घालू नये, हे सांगायला हवं, कारण घालतातच. पाच किलो कपडे मशीनने पिळून दिले तरी त्यांच्यात अडीच-तीन लिटर पाणी असतं आणि ते शेवटी गादीकडेच पाहुणं जातं.

कपाटाचं गणित वेगळं. पूर्वी कपाटाच्या तळाला चाळीस वॅटचा दिवा लावून ठेवत, ते अडाणीपणाचं नव्हतं. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली की तीच आर्द्रता सत्तरीच्या खाली येते. दिव्याला जाळी हवी आणि कपडे हातभर लांब, एवढंच. एलईडी आल्यापासून लोक दिवा लावतात खरा, पण त्याने पैठणी नुसती उजेडात भिजते. हवेतली ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते बंद कपाटात उत्तम चालतात. दार उघडं राहिलं तर तो बिचारा डबा अख्खा अरबी समुद्र प्यायचा प्रयत्न करतो. खाली जमणारं पाणी खारट असतं, सांडलं तर चामडं आणि लोखंड दोन्ही खातं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे असावं. भिंतीवरचं पांढरं दरवेळी बुरशी नसतं, लोणा म्हणजे भिंतीतून फुटलेला क्षारही असतो: ओलं बोट फिरवा, विरघळला तर लोणा, फरफटला तर बुरशी. रेशमी साड्या सुती कापडात, प्लास्टिकमध्ये नाही. चपला-बुटांवरची बुरशी निम्म्या पाण्यातल्या स्पिरिटने पुसून सावलीत वाळवावी.

टॉवेल कोरडा असताना गप्प आणि अंग पुसताना घाण वास, असं होत असेल तर दोष बुरशीचा नाही. मोराक्सेला नावाचा जिवाणू वाळल्यावरही तग धरतो आणि पाणी लागलं की जागा होतो. साठ अंशांच्या पाण्यात धुवावं, म्हणजे तो जातो. जास्त साबणाने नाही.

राहता राहिला तो प्रसंग, ज्यावर घरात एकमत होत नाही. कापसाची गादी वाचवता येते: दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर पिंजाऱ्याकडे द्यावी, काळा पडलेला कापूस काढून टाकायला सांगावा, बाकीचा पिंजून नव्या खोळीत भरून घ्यावा. पिंजारी काळा-पांढरा एकत्रच पिंजतो, म्हणून समोर उभं राहावं. फोमला हा उपाय नाही. ठिपके आत शिरले आणि दोनदा वाळवूनही वास येत असेल, तर ती गादी गेली. मग ‘पाहुण्यांना चालेल’ असं कुणीतरी म्हणायच्या आत तिचे ब्रेडच्या सुरीने चार तुकडे करावेत. अख्खी गादी कचरागाडीवाला घेत नाही, आणि तुकडे केलेली गादी कुठलाही मामा परत शिवून मागत नाही.