खानावळवाल्या काकू राहिल्या
गिरणगावात गेल्या वर्षभरात गेलेल्या जुन्या माणसांवरचा लेख आवडला. पण त्यात युनियनवाले, भजनी मंडळवाले, नाटकवाले, म्हणजे सगळे पुरुषच! खानावळी चालवणाऱ्या बाया कुठे आहेत?

आमच्या लालबागच्या चाळीत गेल्या पावसाळ्यात अशा एक काकू गेल्या. जिन्याखालच्या फळ्यावर खडूने चार ओळी: नाव, वय, दुःखद निधन, अंत्ययात्रेची वेळ. दोन आठवड्यांत त्या पुसून गणपतीच्या मीटिंगची सूचना आली. चालायचंच. पण दहा बाय बाराच्या खोलीत काकू पंधरा-वीस जणांना जेवू घालायच्या, गिरणीतली पाळी कुठलीही असो. बहुतेक कोकणातले नाहीतर घाटावरचे, बायकापोरं गावी. हिशेबाला वही नव्हती, कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीच्या रेघा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्या रेघा वाढतच गेल्या. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, आणि काकूंनी उधारीही कधी मागितली नाही. (माझ्या वडिलांचीही होती, लपवत नाही.)

तेराव्याला एक आजोबा साताऱ्याहून एसटीने आले. मागाच्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे बोलणं ओरडूनच. "माझी चार महिन्यांची खानावळ द्यायची राहिलीय!" अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. त्यांनी काकूंच्या सुनेच्या हातात पाकीट ठेवलं. तिने ते परत त्यांच्या खिशात कोंबलं आणि पानावर बसवलं.