औषधाचं नाव तिसऱ्या आठवड्यात शिकवा

मिरचीचं पान मुरडलं की आपल्या बेळगाव-खानापुरात एकच सल्ला मिळतो, ‘औषध मारा.’ कशावर, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. परसबागवाल्यांना मार्गदर्शन करणारे स्वयंसेवक घडवायचे असतील, तर पहिले दोन आठवडे त्यांना एकाही औषधाचं नाव सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. आधी बघायला शिकवा.

पान वर, होडीसारखं वळलं तर फुलकिडे शोधायचे. खाली, पालथ्या वाटीसारखं वळलं तर कोळी, म्हणजे घरातला जाळ्याचा कोळी नव्हे, पानाचा रस शोषणारा बारीक जीव (माइट). शेंडा पांढऱ्या कागदावर झटकायचा आणि दहापट भिंगातून बघायचं. हा फरक कळायलाच हवा, कारण कोळी हा कीटक नव्हे. पुष्कळ कीटकनाशकांनी तो मरत नाही; मरतात त्याला खाणारे मित्रकिडे, मग तो आणखी फोफावतो.

खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी, नवी पानं पिवळी नि शिरा हिरव्या तर लोह. पण त्याआधी कुंडीत दोन पेरं बोट घाला. आषाढात झड लागली, तळाचं भोक बुजलं की मुळं कुजतात आणि पानं तशीच पिवळी दिसतात. तिथं खत ओतलं तर झाड लवकर जातं!

माती तर गावागणिक वेगळी. खानापूरची तांबडी, जांभ्याची माती पाणी धरत नाही. निपाणीकडची काळी सोडत नाही. दोघींना एकच मिश्रण सांगणं चूकच.

तिसऱ्या आठवड्यात कडुनिंबाचं तेल घ्या. लिटरभर पाण्याला ५ मिली, आधी १-२ मिली पातळ साबणात फेटून. नाहीतर तेल वर तरंगतं. पहिल्यांदा दोनच पानांवर, तेही संध्याकाळी. उन्हात मारलं की पानं करपतात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९७३ साली असे पहिले वर्ग भरले, कारण शहरी बागवाल्यांच्या प्रश्नांना कृषी विस्तार अधिकारी पुरे पडेनात. मोफत शिक्षण, त्याच्या बदल्यात ठरलेले तास सेवा. आपल्याकडे हे सहज जमेल, फक्त स्वयंसेवकाला मिरचीबरोबर ‘मेणसिनकाई’ही म्हणता यायला हवं. शेजारच्या परड्यात कन्नडच बोललं जातं.

परीक्षा लेखी नको. एक आजारी कुंडी पुढे ठेवा आणि दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारायला सांगा: पाणी कधी घातलं, ऊन किती, आधी काय फवारलं? ‘मला कळत नाही, अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात विचारून सांगतो,’ म्हणणाऱ्यालाही पूर्ण गुण द्या.