कस्टम चुकवणाऱ्या गिऱ्हाइकाची मनोभावे सेवा

परदेशातून ऑर्डर आली की पाठोपाठ मेसेज येतोच: 'किंमत जरा कमी टाकाल का? आणि गिफ्ट म्हणून पाठवा ना.' आढेवेढे मुळीच घेऊ नका. दोनशे डॉलरची वस्तू वीस डॉलरची करायला एक शून्यच तर गाळायचं असतं! कस्टमसाठी पार्सलवर लावायच्या सीएन २२ नावाच्या त्या टीचभर फॉर्मवर 'विक्रीचा माल' असा चौकोन असतो, तसा 'भेटवस्तू' असाही असतो. हव्या त्यात खूण करा. खाली सही तेवढी तुमची लागते, गिऱ्हाइकाची नाही. त्याला उगाच कशाला अडकवायचं?

कस्टमवाले भोळे असतात, हे गृहीत धरूनच चला. एकच माणूस रोज ढीगभर अनोळखी लोकांना भेटी धाडतो, तेही छापील लेबल लावून, यात त्यांना काय वावगं दिसणार? युरोपीय संघात भेटवस्तूला सूट मिळते ती ४५ युरोपर्यंत, आणि तीही एका खासगी व्यक्तीने दुसरीला फुकट पाठवली तर, हे सांगून गिऱ्हाइकाचा हिरमोड करू नका. तिथली २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ला गेली, अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतचा माल बिनशुल्क येऊ देणारी सवलत २९ ऑगस्ट २०२५ला बंद झाली. पण गिऱ्हाइकाच्या मनातली सवलत बंद करणारं सरकार अजून जन्माला यायचंय.

पार्सल वाटेत हरवलंच, तर भरपाई वीस डॉलरच्या हिशेबाने मागा आणि मिळेल ते गोड मानून घ्या. बाकीचे एकशे ऐंशी तुमच्याच लेखणीने गेलेत.

खरी सेवा पुढेच आहे. पार्सल तिकडे पोचतं, ट्रॅकिंगवर 'शुल्क भरणे बाकी' असं झळकतं, आणि गिऱ्हाईक लिहितं, 'मी तर तुम्हाला सगळे पैसे दिलेत!' शुल्क त्याच्या देशाच्या तिजोरीत जातं, तुमच्या नाही, हे समजावायच्या फंदात पडू नका. तो पार्सल नाकारेल, मग कार्ड कंपनीकडे 'वस्तू मिळालीच नाही' अशी तक्रार करेल. आणि गंमत म्हणजे, ते खरंच असेल! पार्सल परतीच्या वाटेला लागायच्या आत रिफंड देऊन टाका. परतीचं भाडं कुरिअरवाले तुमच्याच खात्यावर टाकतील, आणि कधी कधी नाकारलेल्या मालाचं तिकडचं शुल्कही, कारण करारात धनी तुम्हीच असता. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

माल परत आला की तुमच्याच देशाचं कस्टम विचारेल, हा माल तुमचाच कशावरून? निर्यातीचे कागद तुम्ही फेकले असतीलच. असले तरी त्यावर वीस डॉलर, दुकानाच्या पानावर दोनशे. साहेबांना यातली कुठली किंमत खरी ते सांगताना हसतमुख राहा.

आणि हो, काही अरसिक विक्रेते शुल्क आणि कर आधीच किमतीत धरून डीडीपी पद्धतीने माल पाठवतात, किंवा युरोपात दीडशे युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट आयओएसएस या युरोपीय संघाच्या कर भरायच्या व्यवस्थेतून विक्रीच्या वेळीच वसूल करतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पैसे भरतानाच सगळा आकडा दिसला, तर गिऱ्हाइकाने नंतर तुमच्याशी भांडायचं तरी कशावरून?