ए-नंबर मिळाला म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं नाही

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा, नणंदेच्या सासरचा आणि परदेशी मुलं असलेल्या पालकांचा. मेसेज असा: "मुलाला अमेरिकेचा ए-नंबर मिळाला की ग्रीन कार्ड मंजूर झालं समजा, फक्त छापून यायचं बाकी. नंबर जितका लहान तितके तुम्ही रांगेत पुढे. सोशल सिक्युरिटी नंबर ही नागरिकत्वाची पहिली पायरी. नंबर मिळाल्यावर अमेरिका सोडली तर तो रद्द होतो. खात्री करायची असेल तर नंबर पाठवा, आमची टीम मोफत तपासून देईल."

यातलं एकही वाक्य खरं नाही. मी अकरा वर्षं न्यू जर्सीत काढून पुण्यात परतले. माझे तिथले सगळे कागद अजून कपाटात आहेत. या मेसेजवर विसंबून लोक काय काय ठरवून बसतात तेही रोज पाहते आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ए-नंबर. मागच्या रविवारी वरच्या मजल्यावरचे काका पेढे घेऊन आले. "मुलीचं काम झालं, नंबर आला!" फोनवर मुलीच्या कार्डाचा फोटो होता. मी तो मोठा करून पाहिला. वर एम्प्लॉयमेंट ऑथरायझेशन असं छापलेलं, फोटोशेजारी यूएससीआयएस (म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) नंबर म्हणून नऊ आकडे, आणि कॅटेगरीच्या जागी सी०३बी. हे ओपीटीचं कार्ड. शिक्षण संपलं की विद्यार्थ्याला काही काळ नोकरी करायला मिळते, त्यासाठीची ही परवानगी. ते नऊ आकडे म्हणजेच ए-नंबर, हे काकांचं बरोबर होतं. पण तिने ग्रीन कार्डाचा अर्जच केलेला नाही. नोकरीच्या मार्गाने करायचा तर बहुतेक वेळा आधी कुणा कंपनीने कागद भरायला हवेत.

तो नंबर म्हणजे फाइलचा नंबर. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने एखाद्या परक्या माणसाची फाइल उघडली की तिच्यावर ए हे अक्षर आणि ७ ते ९ आकडे पडतात, आणि तो नंबर त्या माणसाला जन्मभर चिकटतो. ओपीटीवाल्या विद्यार्थ्याला तो मिळतो, कंपनीने ग्रीन कार्डासाठी आपल्या माणसाचा आय-१४० अर्ज केला की त्या मंजुरीच्या कागदावर बऱ्याचदा दिसतो, ग्रीन कार्डावरही तोच असतो. आणि ज्याला देशाबाहेर काढण्यासाठी इमिग्रेशन कोर्टात उभं केलंय, त्याच्या नोटिशीवरही ए-नंबरच असतो. ज्याला घालवायचं त्याला आणि ज्याला ठेवायचं त्यालाही जो नंबर देतात, तो मंजुरीची खूण कसा असेल?

या नंबराचा जन्मही पाहा. १९४० साली, युद्धाच्या काळात, अमेरिकेने परकीयांच्या नोंदणीचा कायदा केला. त्या ऑगस्टपासून १४ वर्षांवरच्या प्रत्येक परक्या माणसाला पोस्टात जाऊन फॉर्म भरावा लागे, बोटांचे ठसे द्यावे लागत. आपल्या देशात परके कोण आणि किती, हे सरकारला हवं होतं. नंबर आला तो या मोजदादीतून. कुणाला कायम राहू द्यायचं हा तिथे प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रातून मिळालेल्या पावतीवर फाइल नंबर असतो, म्हणून कुणी ती पावती घेऊन विमानतळावर जात नाही. अमेरिकेचा कागद दिसला की मात्र हीच समज कुठे जाते, कळत नाही.

मी काकांच्या मागे लागून हे समजावलं, कारण मुलीच्या लग्नाच्या बायोडेटात "ग्रीन कार्ड प्रक्रिया पूर्ण" अशी ओळ टाकून झाली होती. त्या ओळीवर समोरचं घर आपल्या मुलाच्या नोकरीचा निर्णय घेणार होतं.

आता "लहान नंबर म्हणजे रांगेत पुढे". ही रांग आकड्यांची नाहीच, ती तारखेची आहे. तिला प्रायॉरिटी डेट म्हणतात. नोकरीच्या मार्गाने जाणाऱ्या बहुतेकांसाठी, कंपनीने कामगार खात्याकडे ज्या दिवशी अर्ज दाखल केला तो दिवस. दरमहा परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली ते सांगतं. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं, त्यात बायको-मुलंही धरलेली, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के. म्हणून २०२५मध्ये भारताची ईबी-२ची, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या रांगेची, तारीख २०१२-१३च्या घरातच होती. २०१५च्या तारखेच्या माणसाचा ए-नंबर कितीही लहान असला तरी त्याची पाळी आलेली नव्हती.

अमेरिकेतल्या भावाने किंवा बहिणीने ग्रीन कार्डासाठी अर्ज केलेली घरंही पुण्यात खूप आहेत. त्यांना येणारा केस नंबर बीएमबी अक्षरांनी सुरू होतो. ते बॉम्बे, म्हणजे मुलाखत मुंबईच्या वकिलातीत. तोही रांगेतला क्रमांक नाही. भावंडांच्या रांगेत भारताची तारीख २०२५मध्ये २००६ची होती. बीएमबी नंबर आला म्हणून सदाशिव पेठेतली जागा विकायला काढलेलं एक कुटुंब मला माहीत आहे.

इमिग्रेशन अर्जाच्या पावतीवरच्या नंबराचंही तसंच. तीन अक्षरं आणि दहा आकडे. जुन्या पद्धतीत एलआयएन म्हणजे नेब्रास्काचं केंद्र, एसआरसी म्हणजे टेक्सासचं, पहिले दोन आकडे सरकारी वर्षाचे, आणि ते वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. अर्ज कुठे आणि कधी पोचला, एवढंच त्यातून कळतं.

सोशल सिक्युरिटी नंबर कर आणि पगारासाठी असतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या कार्डावर तर स्पष्ट छापलेलं असतं की हे कार्ड इमिग्रेशन खात्याच्या परवानगीसोबतच कामासाठी चालेल. नऊने सुरू होणारा आयटिन नुसता कर भरण्यापुरता, त्याने राहण्याचा कसलाही हक्क येत नाही.

"देश सोडला तर नंबर रद्द होतो" हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. माझ्या एका मैत्रिणीची आई सहकारनगरच्या घरी शेवटचे तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती. मैत्रिणीचा मुलगा डॅलसमध्ये, एच-वन-बीवर, आय-१४० मंजूर. कुणीतरी त्याला हाच मेसेज पाठवला आणि तो आला नाही. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आजीला हाक मारायचा. ती ऐकत होती का नाही, आम्हाला कळत नव्हतं.

त्याच्या येण्याने काहीही रद्द होणार नव्हतं. ए-नंबर रद्द होत नाही. मंजूर आय-१४० आणि त्यावरची तारीख माणूस भारतात आला म्हणून जात नाही. त्याने बघायचं होतं ते इतकंच, की पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का परत जाण्याच्या तारखेला चालू आहे का, आणि नसेल तर मुंबईत तो वेळेत मिळेल का. ज्यांचा आय-४८५, म्हणजे अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज, प्रलंबित आहे त्यांचं वेगळं: एच-वन-बी, एल अशा मोजक्या व्हिसांवर नसलेल्यांनी आधी ॲडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) घेतल्याशिवाय बाहेर पडलं तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. ग्रीन कार्ड असलेल्याने वर्षाहून जास्त बाहेर राहायचं तर रीएंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, आधी घ्यावं लागतं. हे प्रश्न खरे आहेत आणि ते वकिलाला विचारायचे असतात.

राहिलं "नंबर पाठवा, तपासून देतो". पावतीचा नंबर टाकला की अर्जाची स्थिती सरकारी संकेतस्थळावर कुणालाही, लॉगिनशिवाय, फुकट दिसते. त्यासाठी कुठल्याही टीमची गरज नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी तो नंबर ग्रुपवर टाकू नये. ए-नंबर, जन्मतारीख आणि पासपोर्टचा फोटो एकत्र अनोळखी माणसाच्या हातात गेले तर तो तुमच्या मुलाच्या नावाने काय करेल, याचा भरवसा नाही. वकील तुमच्या वतीने खात्याशी बोलणार असेल तर तो जी-२८ फॉर्मवर तुमची सही घेतो. तुमचे नंबर व्हॉट्सॲपवर मागून तपासणी करण्याची पद्धत सरकारची नाही.

काकांनी त्या मेसेजखाली मुलीचा नंबर टाकला होता. त्यांच्याच फोनवरून तो आम्ही दोघांनी डिलीट केला, मुलीला फोन करून सांगितलं, आणि बायोडेटातली ओळ बदलून "ओपीटीवर नोकरी" एवढंच लिहिलं. पुढच्या रविवारी ते मुलाकडच्यांना भेटायला जाणार आहेत आणि स्वतः होऊन हे सांगणार आहेत.