क्लच प्लेट घरी बदला म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

'गॅरेजवाल्यांना पोसू नका, क्लच प्लेट घरीच बदला' हा मेसेज तुमच्यापर्यंतही पोचला असेल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: गिअर अडकायला लागला की प्लेट गेली समजायचं. गाडीसोबत मिळालेला जॅक, विटा आणि पान्यांचा सेट एवढं सामान पुरतं. सगळा क्लच सेट, म्हणजे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, घ्यायची गरज नाही, नुसती प्लेट आणा. आतली काळी धूळ हवा मारून उडवा. चार तासांत गाडी तयार, दहा हजार वाचले.

मी साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकाऊ माणसाचा पाय क्लचवरून उठत नाही, त्यामुळे आमच्या गाड्यांचे क्लच लवकर जातात आणि गिअरबॉक्स उतरवताना मी शेजारी उभी राहून पाहत आले आहे. असे मेसेज येतात-जातात, मी उत्तर देत बसत नाही. पण माझ्या भाच्याने तो वाचून अंगणात विटा आणून रचल्या आणि मला फोन केला, 'आत्या, रविवारी उरकून टाकतो, तू फक्त प्लेट मागवून दे.' म्हणून हे लिहिणं भाग आहे.

विटांपासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने माणूस जाईल. गाडीसोबत मिळतो तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. गाडीच्या कप्प्यात ओनर्स मॅन्युअल पडलेलं असेल, ते काढा आणि चाक बदलण्याचं पान उघडा. कुठल्याही कंपनीची गाडी असो, तिथे ठळक इशारा सापडेल: जॅक सपाट, टणक जमिनीवरच लावा, तो फक्त चाक बदलायला वापरा आणि गाडी जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जाऊ नका. ज्यांनी गाडी बनवली आणि जॅक दिला, तेच हे सांगतायत.

आता काम काय आहे ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. क्लचपर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, आणि त्याआधी दोन्ही बाजूंचे एक्सल, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, निघायला हवेत. म्हणजे गाडीचं अख्खं तोंड उचललेलं पाहिजे. तो जॅक एका वेळी एकच कोपरा उचलतो. मग दुसरी बाजू कशावर ठेवणार? इथे त्या मेसेजमध्ये विटा येतात. भट्टीची वीट भिंतीत चारी बाजूंनी दाबलेली असते तेव्हा वजन पेलते. गाडीच्या पत्र्याची धार एका ठिकाणी टेकली की ती काही न कळवता फुटते. आणि खाली पडलेला माणूस तेव्हा स्वस्थ नसतो. तो बोल्टला पाना लावून जोर मारत असतो, गिअरबॉक्स हलवून हलवून ओढत असतो. तो सगळा हिसका वरच्या आठशे-नऊशे किलोच्या गाडीला बसतो. त्यातही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या आपल्या गावात सपाट अंगण किती घरांना आहे? पावसाळ्यात तर मातीच दबते.

गिअरबॉक्सही हलका नाही. लहान गाडीचा धरला तरी तीसेक किलोचा ऐवज छातीवर झेलायचा असतो, तोही तेलकट आणि वेडावाकडा. त्याचं माउंटिंग सोडलं की इंजिन त्या बाजूला खाली झुकतं, म्हणून इंजिनला वेगळा आधार द्यावा लागतो. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही. गिअर ऑइल काढून नवीन भरायचं असतं, बॅटरीची वायर आधी सोडायची असते, तेही नाही.

आता पहिला मुद्दा, गिअर अडकला की प्लेट गेली. हे चक्क उलटं आहे. प्लेट झिजते तेव्हा क्लच घसरतो. म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी त्या मानाने पळत नाही, चढावर जळका वास येतो. गिअर पडताना अडतो किंवा रिव्हर्स टाकताना करकरतो, तेव्हा बहुतेकदा क्लच पूर्ण सुटत नसतो. त्याची कारणं वेगळी: केबल ताणून ढिली पडलेली, नाहीतर हायड्रॉलिक (केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर ऑइल गळतंय किंवा लाइनमध्ये हवा शिरली आहे. भाच्याची तक्रार रिव्हर्सचीच होती. नाक्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून केबल ॲडजस्ट केली, रिव्हर्स सुरळीत पडायला लागला. प्लेटला हात लावायची गरजच नव्हती, आणि हा मुलगा त्यासाठी गाडीखाली झोपणार होता.

खात्री करायची तर मोकळा सपाट रस्ता बघा. गाडी ३०-४० च्या वेगात असताना चौथा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळी मारतोय आणि वेग तिथेच, तर क्लच घसरतोय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा करून प्लेट आणखी तापवू नका. सप्टेंबरात कासच्या गर्दीत यवतेश्वरच्या चढावर जे अर्ध्या क्लचवर गाडी धरून उभे राहतात, त्यांच्यावर ही वेळ लवकर येते. तिथे हँडब्रेक लावा.

'नुसती प्लेट बदला' यात थोडं तथ्य आहे, हे मान्य करते. सेट अलीकडेच टाकलेला असेल आणि तेल लागून प्लेट खराब झाली असेल, तर तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट चांगली निघू शकते. पण मग तेल आलं कुठून, इंजिनाचं सील गळतंय की गिअरबॉक्सचं, हे आधी शोधावं लागतं, नाहीतर नवीन प्लेटही तशीच भिजते. वर्षानुवर्षं चाललेल्या क्लचमध्ये मात्र प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंगही तेवढंच चाललेलं असतं. बेअरिंग वाचवलंत आणि ते चार महिन्यांनी ओरडायला लागलं, तर गिअरबॉक्स पुन्हा खाली. प्लेट मधोमध बसवायला डमी शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सच्या दांड्याच्या मापाचा तात्पुरता दांडा, लागतो. ती जरा सरकली की गिअरबॉक्स जागेवर बसत नाही, मग लोक बोल्ट आवळून तो ओढून घेतात आणि प्लेटचा मधला भाग वाकतो. प्लेट उलटी बसली तर क्लच सुटतच नाही.

धुळीला हवा अजिबात मारू नका. ती झिजलेल्या प्लेटची धूळ असते आणि तिच्यात ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असू शकतं. सगळ्या प्रकारचं ॲस्बेस्टॉस कॅन्सर करतं, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते, आणि भारतात त्यावर सरसकट बंदी नाही. चांगल्या कंपन्यांच्या प्लेटमध्ये आता ते नसतं, पण जुन्या किंवा बिननावाच्या प्लेटमध्ये काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. गॅरेजमधली पोरं हवा मारताना दिसली तर त्यांनाही थांबवा.

राहिले चार तास आणि दहा हजार. चार तास हा लिफ्ट असलेल्या जाणत्या मेकॅनिकचा हिशोब आहे. आणि छोट्या गाडीच्या बिलात मोठा वाटा सेटचा असतो, तो घरी काम केलंत तरी विकत घ्यावाच लागतो. वाचते ती मजुरी. ज्यांच्याकडे पक्के लोखंडी स्टँड आहेत, गिअरबॉक्स उतरवायचा जॅक आहे, सोबतीला हे काम आधी केलेला माणूस आहे, त्यांनी खुशाल करावं. माझा विरोध त्यांना नाही.

गॅरेजवाले फसवतात ही तक्रारही खोटी नाही. नुसती केबल ढिली असताना क्लच सेट माथी मारल्याचं मीही पाहिलं आहे. त्यावर उपाय गॅरेजमध्येच आहे. काम द्यायच्या आधी मजुरी आणि सेटची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. सेटचा खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा. गिअरबॉक्स उतरला की फोन करा म्हणावं, आणि जाऊन फ्लायव्हील, म्हणजे प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची जड चकती, स्वतः बघा: निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर त्याचंही काम तेव्हाच करून घ्यायला हवं. जुन्या प्लेटचे रिव्हेट वर आले आहेत का, तिला तेल लागलंय का, ते हातात घेऊन पाहा. जुना सेट मागून घ्या. द्यायला कां-कूं करणाऱ्याकडे पुढची सर्व्हिसिंग देऊ नका.