पाच इंचापायी जीव मेटाकुटीला आलाय

डोकं फिरलंय माझं. गावानं वर्गणी काढून पुरासाठीच्या बोटीला सेकंडहँड आउटबोर्ड मोटार (बोटीच्या मागच्या फळीला बाहेरनं अडकवायचं इंजिन) घेतली, घेताना त्या विकणाऱ्याला मी फोनवर तीनदा विचारलं की बाबा शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड दांड्याची 15 इंची, आहे ना, आमच्या बोटीची मागची फळी 15 इंचीच आहे, तर हो हो बसती म्हणला, आणि सांगलीला आणून लावली तर पंखा पार खाली लोंबतोय. टेप लावला. क्लॅम्प फळीवर बसतो तिथनं पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटपर्यंत 20 इंच. लाँग शाफ्ट! ती प्लेट बोटीच्या तळाच्या लेव्हलला नायतर फारतर इंचभर खाली पाहिजे.

पाच इंचानं काय बिघडतंय म्हणणाऱ्यांनी पुरात बोट चालवून बघावी. तिथं खाली नुसतं पाणी नसतं, उसाचे शेंडे असतात, द्राक्षबागेच्या तारा असतात, बांध असतात. 2019 ला सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी 45 आहे. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसं भरलेली बोट उलटली ते इथं कुणी विसरलेलं नाही. माणसं भरलेल्या बोटीचा पंखा तारेत अडकला तर जबाबदार कोण?

आणि जो तो सांगतोय, शाफ्ट कापून घ्या की! अरे ती काय बोअरची पाईप आहे का? आतला ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनचा जोर पंख्याकडं नेणारा दांडा) आखूड लागतो, गिअरचा रॉड आखूड लागतो, इंजिन थंड करायचं पाणी वर नेणारी नळी कमी करावी लागते, आणि मधला पाच इंची तुकडा वेगळा निघणारा असला तरच हे जमतं, नसला तर सगळं मधलं हाउसिंगच बदला. लेथवाला म्हणला कापून वेल्डिंग मारून देतो. शाफ्टच्या टोकाला जोडणीत बसणारे दाते असतात, त्यांचं काय? वेल्डिंगच्या तापानं शाफ्ट जरा जरी वाकडा होऊन आऊट मारायला लागला तर 5000 आरपीएमला सील आणि बेअरिंग कितीवेळ टिकणार?

आमच्या मोटारीचा तुकडा निघण्यासारखा आहे, तेवढं नशीब. पण खालचे बोल्ट खोलायला घेतले तर भोकाभोवती पांढरी भुकटी, गॅसनं तापवून फिरवला तर एकाचं डोकंच तुटून हातात आलं. म्हणजे मोटार खाऱ्या पाण्यात चाललेली, आणि हा माणूस धरणातली आहे म्हणून शपथा घेत होता! आत इम्पेलरची, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणाऱ्या चाकाची, रबरी पाती पण वाळून वाकडी झाल्यात.

फळीच वर चढवा म्हणतात, पण आमच्या फायबरला मागं आधीच चीर गेलीय, वरनं अजून पाच इंचावर मोटारीचा जोर आला तर ती फळी कधी उचकटंल सांगता येत नाही.

जून तोंडावर आलाय, पोरं रोज विचारतात बोट कधी सुरू होणार, आणि तो माणूस माझा फोन उचलत नाही. कुणाकडं भंगारातल्या शॉर्ट शाफ्ट मोटारीचा शाफ्ट, रॉड आणि नळी असली तर सांगा, मॉडेल जुळलं तर रात्री निघून येऊन घेऊन जातो.