अ‍ॅस्ट्रल वीक्स एकदा फक्त बाससाठी ऐका

बेलफास्टचा गायक-गीतकार व्हॅन मॉरिसन, त्याच्या ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’बद्दल कुणीही लिहिलं की तेच तेच असतं, गूढ आहे, कविता आहे, समाधी लागते वगैरे. सगळं मान्य, माझा तो सगळ्यात लाडका अल्बम आहे. पण तो जेवढा व्हॅनचा आहे तेवढाच त्यावर बास वाजवणाऱ्या रिचर्ड डेव्हिसचाही आहे आणि ह्या माणसाचं नाव कुणी घेत नाही ह्याचा मला मनापासून राग येतो.

आधी थोडं बॅकग्राउंड. १९६७ मध्ये व्हॅनचं ‘ब्राउन आइड गर्ल’ हे गाणं जोरात चाललं, पण बँग रेकॉर्ड्सच्या काँट्रॅक्टमध्ये पठ्ठ्या पुरता अडकला. कंपनीचे मालक बर्ट बर्न्स त्याच डिसेंबरात वारले तरी काँट्रॅक्ट काही सुटेना, मग गाण्यांचा कोटा भरायचा म्हणून त्याने एका बैठकीत तीसेक वाट्टेल तशी गाणी रेकॉर्ड करून दिली, त्यातलं एक तर चक्क गजकर्णावर आहे! आणि हाच माणूस १९६८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंच्युरी साउंड स्टुडिओत येऊन हे असं गातो. वय फक्त २३.

प्रोड्यूसर लुईस मेरेन्स्टीन ह्यांनी काय केलं तर रॉकवाले वादक बोलावलेच नाहीत, सगळे जॅझवाले आणले. ड्रम्सवर मॉडर्न जॅझ क्वार्टेटचे कॉनी के, गिटारवर जॅझ बासवादक चार्ल्स मिंगसबरोबर वाजवलेले जे बर्लिनर आणि डबल बासवर जॅझवाल्या एरिक डॉल्फीच्या ‘आउट टू लंच’ अल्बमवाले रिचर्ड डेव्हिस. रिहर्सल नाही, समोर लिहिलेली नोटेशन्स नाहीत. व्हॅन आपला वेगळ्या बूथमध्ये गिटार घेऊन गातोय, फारसं बोलतही नाहीये, आणि बाकीचे नुसते कान लावून वाजवतायत. व्हायोलिन वगैरे नंतर चढवलं.

आता ‘मॅडम जॉर्ज’ घ्या. जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं आणि कॉर्ड्स तीन, त्याच फिरून फिरून येतात. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिसऱ्या मिनिटाला आपण पुढचं गाणं लावलं असतं. इथे कंटाळा येत नाही कारण खाली डेव्हिस एक ओळसुद्धा दोनदा सारखी वाजवत नाही, व्हॅन शब्द लांबवतो तेव्हा हा थांबतो, तो श्वास घेतो तेव्हा हा त्या जागेत शिरतो, कधी एकदम वर जाऊन गायकाशी बोलल्यासारखं काहीतरी करून परत खाली येतो. हेडफोन लावून ऐका, साध्या मोबाइलच्या स्पीकरवर हे सगळं गायब होतं.

आणि व्हॅनचं ते एकच शब्द धरून बसणं, तोच शब्द उलटसुलट करत राहणं, ठुमरीतला बोलबनाव ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळतं. ‘सायप्रस अव्हेन्यू’मध्ये तर जीभ अडखळण्याबद्दल गाताना तो खरंच अडखळतो. लोक ह्याला फोक म्हणतात पण हे सोल आहे हो, गॉस्पेल आणि ब्लूजमधून आलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं गाणं, पूर्व बेलफास्टच्या कामगार वस्तीत वाढलेला मुलगा, वडील जहाजाच्या कारखान्यात कामाला आणि घरात त्यांनी जमवलेल्या ब्लूज, गॉस्पेल, जॅझच्या रेकॉर्ड्स, ते सगळं ह्या गळ्यात उतरलंय. सायप्रस अव्हेन्यू म्हणजे त्याच भागातला श्रीमंतांचा झाडांनी भरलेला रस्ता, त्याच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गाण्यातली ती बाहेरून बघत बसलेल्याची तगमग तिथूनच येते असं मला वाटतं.

सगळंच भारी आहे असंही नाही. ‘द वे यंग लव्हर्स डू’ मला आजही खटकतं, मस्त लय लागलेली असताना ते ब्रास (ट्रम्पेट वगैरे) मध्येच घुसतं, ‘मॅडम जॉर्ज’च्या आधी तर ते नकोच होतं.

डेव्हिस नंतर विस्कॉन्सिन विद्यापीठात कित्येक वर्षं शिकवत होते, रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न टू रन’ अल्बमवरही त्यांचा बास आहे. २०२३ मध्ये गेले तेव्हा माझ्या फीडवर एकही पोस्ट नव्हती म्हणून आज हे एवढं लांबलचक लिहिलंय. ज्यांनी अल्बम आधीच ऐकलाय त्यांनी २०१५ च्या एडिशनमधलं ‘स्लिम स्लो स्लायडर’चं लाँग व्हर्जन शोधा, मूळ अल्बमवर ते फटकन कापलंय, इथे बास आणि सॅक्सोफोन पुढेही चालू राहतात. कापलं ते बरोबर केलं का, कमेंटमध्ये सांगा, माझं मत आहे की कापायला नको होतं.